शाळेतील मंडळे : काही अनुभव, एक मागणे
(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवी समारंभात, भोपाळ येथे दिलेले भाषण)



न्यासाच्या सुवर्ण महोत्सवात आम्हांस दोन शब्द बोलावयास सांगितले, याबद्दल आम्ही विश्वस्त मंडळाचे ऋणी आहोत. विषय आमच्यावरच सोपविला होता. ज्याने आयुष्याची पस्तीस वर्षे हायस्कुलात काढली त्याने शाळेवरच बोलावे, हे ओघानेच आले. परंतु अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही बोलणार आहोत ते शेवटची घंटा झाल्यावर शाळेत जे चालते, निदान चालावयास हवे, त्याविषयी : वक्तृत्व मंडळ, विज्ञान मंडळ, हस्तलिखित, बालवीर पथक, नाटक, खेळ. आणि बोलता बोलता न्यासाकडे एक मागणेही करणार आहोत. ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी आम्ही गोड बोलून फसविले असे कोणी म्हणू नये.

आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना 1956 साल आठवत असेल. 1 नोव्हेंबरला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपुराहून भोपाळास आली आणि सरकारी नोकरांची कुटुंबे ट्रंका-वळकट्या घेऊन इकडे निघाली. त्यांत आमचे वडीलही होते. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे. नागपुरात मराठी शाळेत शिकलेलो, इथे एकदम हिंदी शाळेत बसलो. लिपी तीच, त्यामुळे वाचता सर्व येई. पण शब्द ओळखीचा आणि अर्थ परका, अशी गत. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी आम्हांला उभे केले आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, ‘बेटा, बोलने की चेष्टा करो.’ आम्ही घाबरून गप्प! मास्तर स्वतःच चेष्टा करावयास सांगतात, आणि तीही भर वर्गात, हे काही समजेना. चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे कळावयास दोन दिवस लागले. शिक्षा म्हणजे शिक्षण, हे कळेपर्यंत मात्र आम्ही त्या शब्दाला पुष्कळ भ्यालो.

अशा मुलाला भाषा कोणी शिकविली? वर्गाने नव्हे. शाळेत दर शनिवारी वादविवाद मंडळ भरे. आम्हांला बोलता येत नव्हते म्हणून तेथल्या मास्तरांनी आमच्या हाती घड्याळ आणि घंटी दिली. प्रत्येक वक्त्यास पाच मिनिटे. चौथ्या मिनिटाला एक टोला, पाचव्याला दोन. वर्षभर आम्ही टोले दिले. आमच्या टोल्याने अकरावीची दांडगी मुले वाक्य अर्धवट टाकून खाली बसत, याची मौज काय सांगावी! पण मौजेखेरीज आणखी एक झाले. वेळ मोजण्यासाठी प्रत्येक भाषण कान देऊन ऐकावे लागे. दुसऱ्या वर्षी आम्ही स्वतः उभे राहिलो. फार चांगले बोललो असे नाही, पण बोललो.

यावरून आमचे एक मत झाले, ते आजतागायत कायम आहे. मंडळ हे हुशार मुलांच्या प्रदर्शनासाठी नसते. जो मुलगा कशातच पहिला येत नाही त्याच्या हाती एखादे काम, एखादी किल्ली, एखादी वही सोपविण्याची ती जागा असते. गुण मागाहून दिसतो, आधी जबाबदारी द्यावी लागते.

ही गोष्ट काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. 1848 साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. तरुण मुले निबंध वाचीत, वाद घालीत. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तो शाळा-कॉलेजातला एक क्लबच. पण दुसऱ्याच वर्षी, 1849 साली, या मंडळीने मुलींच्या शाळा उघडल्या आणि सभासद स्वतः तेथे विनावेतन शिकवू लागले. दादाभाई नौरोजी त्यांतलेच एक. मुलींनी शिकावे की नाही यावर वडील मंडळींचा वाद अजून चालूच होता, इतक्यात पोरांनी शाळा भरवूनही टाकली. निबंध वाचण्याच्या मंडळातून हे निघेल असे कोणत्या अभ्यासक्रमात लिहिले होते?

बेडन पॉवेलने 1907 साली ब्राउनसी बेटावर मुलांची पहिली छावणी भरविली, तिच्यात मुलांची चार पथके होती आणि प्रत्येक पथकाचा नायक मुलगाच होता. बालवीर चळवळीतला गणवेश आपण घेतला, शिट्टी घेतली. मुलगाच नायक, ही मुख्य गोष्ट मात्र पुष्कळ ठिकाणी राहून गेली.

आणि भोपाळकरांना हे दुसऱ्या गावच्या लोकांनी सांगावे असेही नाही. हॉकीला या शहरात ‘अभ्यासेतर’ म्हणण्याची कोणाची छाती झाली असती? 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकात सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात अहसन मोहम्मद खान आणि अहमद शेर खान हे भोपाळचे होते. अहमद शेर खान यांचे चिरंजीव अस्लम शेर खान 1975 साली क्वालालंपूरला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होते. उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध त्यांनी ऐन वेळी केलेला बरोबरीचा गोल अजून सांगितला जातो. जुन्या शहरातली पोरे घरी बनविलेल्या काठीने गल्लीत खेळताना आम्ही पाहिली आहेत. नव्या शहरातले आम्ही, क्वार्टरांच्या आवारात क्रिकेट खेळत असू, आणि आमचा चेंडू हरवला की खेळ संपे. त्यांचा चेंडू हरवला तरी खेळ संपत नसे.

आता आमच्या हातून झालेल्या एका चुकीविषयी सांगतो. उत्सवाच्या दिवशी चुका सांगू नयेत असा प्रघात आहे. पण व्याख्यान आमचे आहे.

शिक्षक झाल्यावर आम्ही विज्ञान मंडळ चालवीत असू. वर्गणी महिना चार आणे. हिशेब ठेवणारा मुलगा नववीतला होता, अभ्यासात साधारण, अक्षर मात्र सुरेख. एका महिन्यात नऊ रुपये कमी भरले. तो म्हणाला, गोंद, तार आणि बॅटरीचे सेल आणले, पावती घ्यावयाची राहिली. वस्तू कपाटात होत्या. तरीही आम्ही सर्व मुलांसमोर वही आपल्याकडे घेतली आणि कपाटाची किल्लीही खिशात टाकली. ओरडलो नाही, आमच्या मते आम्ही सौम्यपणेच वागलो. तो मुलगा पुन्हा मंडळात आला नाही. पुढे वर्षभर हिशेब आम्हीच ठेवला, पै न् पै बरोबर ठेवला, आणि मंडळात मुले निम्मी राहिली. किल्ली आमच्या खिशात होती, तेव्हा मंडळही आमच्याच खिशात होते. मुलांनी त्यात काय करावयाचे? नऊ रुपयांसाठी आम्ही फार महाग सौदा केला. तो मुलगा नंतर कोठे गेला हे आम्हांला ठाऊक नाही.

मंडळ पुन्हा उभे राहिले ते निराळ्याच कारणाने, आणि ते कारण या शहरात कोणाला समजावून द्यावे लागत नाही. 1984 च्या डिसेंबरातील 2 आणि 3 तारखांच्या मधली ती रात्र. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा कित्येक बाक रिकामे होते. मुलांना प्रश्न पडले होते, आणि ते पाठ्यपुस्तकातले नव्हते. हा वायू म्हणजे काय? तो धुरासारखा वर का गेला नाही? जे धावले त्यांना जास्त त्रास का झाला? आम्हांलाही सर्व येत नव्हते. शेवटी एका संध्याकाळी अकरावीच्या एका मुलीने फळ्यावर मिथाइल आयसोसायनेटचे सूत्र मांडले. कार्बनचे दोन अणू म्हणजे 24, हायड्रोजनचे तीन म्हणजे 3, नायट्रोजन 14, ऑक्सिजन 16. बेरीज 57. आणि हवा? सरासरी 29. म्हणजे हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. म्हणून तो जमिनीलगत पसरला, आणि बुटक्या मुलांना आधी गाठले. वर्गात कोणी बोलले नाही. हे सर्व गणित अभ्यासक्रमातलेच होते, आम्हीच शिकविलेले. पण ते त्या संध्याकाळपर्यंत कोणाच्या उपयोगी पडले नव्हते.

मुलांनी मग साधे तक्ते केले : तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, वाऱ्याला आडवे जावे. ते तक्ते घेऊन ती वस्तीत गेली. उशीर झाला होता, हे त्यांनाही कळत होते. एका म्हाताऱ्या बाईने त्यांना विचारले, ‘हे आधी का नाही आलात?’ मुलांजवळ उत्तर नव्हते, आणि मास्तरांजवळही नव्हते.

1987 साली देशाच्या पाच दिशांनी निघालेले भारत जन विज्ञान जत्थे 7 नोव्हेंबरला भोपाळातच येऊन मिळाले, त्यात आमची मुलेही गेली होती. त्याआधी, 1972 पासून, शेजारच्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरमात, किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सोळा माध्यमिक शाळांत एक प्रयोग सुरू केला होता. मुलांनी चौघाचौघांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करावयाचे आणि उत्तर स्वतः शोधावयाचे. शंका आली तर ‘सवालीराम’ या नावाने पत्र टाकावयाचे. सवालीराम नावाचा गृहस्थ कोठेच नव्हता, पण पत्रांना उत्तरे जात. पुढे 1982 साली एकलव्य संस्था भोपाळात निघाली आणि 1985 पासून तिचे ‘चकमक’ मासिक निघू लागले. शालेय कार्यक्रम 2002 साली सरकारने बंद केला. तो का बंद झाला यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज त्यात शिरत नाही.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद ग्वाल्हेरच्या विज्ञान केंद्राच्या पुढाकारातून आली आणि 1993 पासून देशभर भरू लागली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच गावातला एखादा प्रश्न घ्यावा, मोजमाप करावे, अशी तिची रीत. रीत फार चांगली. पण आम्ही काही ठिकाणी परीक्षक म्हणून गेलो, तेव्हा असे अहवाल पाहिले की ज्यांची भाषा मुलाच्या वडिलांची आणि आकृत्या बाजारातल्या दुकानदाराच्या होत्या. मुलाला एखादा प्रश्न विचारला की तो आईकडे पाही. शाळेच्या प्रदर्शनात तर थर्मोकोलचा तोच ज्वालामुखी आम्ही इतक्यांदा पाहिला आहे की, आता त्याच्याशी आमचा घरोबा झाला आहे.

सरकारने सांगावयाचे ते सांगितले आहे. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने या उपक्रमांना शिक्षणाचा भाग म्हटले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांत कडक भिंत नको असे लिहिले. भिंत कागदावर पडली. परंतु मुलगा दुपारी शाळेतून सुटतो आणि संध्याकाळी कोचिंगला जातो. पालकांनाही दोष देववत नाही, कारण प्रवेश-परीक्षा खरी आहे आणि जागा थोड्या आहेत. त्यावर आमच्याजवळ तोड नाही. आम्ही आठवड्यातला एक तास तेवढा मागतो.

आता मागणे. आपला न्यास दरवर्षी दहावी-बारावीत जास्त गुण मिळविणाऱ्यांना बक्षिसे देतो. ती बंद करा असे आम्ही म्हणत नाही; आमच्या नातीलाही एकदा मिळाले आहे, आणि घरात पेढे वाटले गेले. पण न्यासाचे हे सभागृह लग्नसराई सोडली तर शनिवारी संध्याकाळी रिकामे असते. ते दर शनिवारी एक तास मुलांच्या मंडळासाठी खुले करावे. मराठी घरातली मुले असोत, शेजारची हिंदी बोलणारी असोत, कोणालाही मज्जाव नसावा. एक कपाट द्यावे. वर्षाला थोडी रक्कम द्यावी. आकडा विश्वस्तांनी ठरवावा, आमच्या अनुभवाप्रमाणे तो लहान असला तरी चालतो. हिशेब मुलांनी ठेवावा आणि वार्षिक सभेत मुलांनीच वाचून दाखवावा. दोन-चार रुपये इकडचे तिकडे झाले तर सभेने ते ऐकून घ्यावे, वही काढून घेऊ नये. एक वडीलधारा माणूस खोलीत हजर असावा, पण त्याने कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचावे. या पदासाठी आम्ही अर्ज करून ठेवीत आहोत.

कपाटाच्या किल्ल्या दोन कराव्यात. एक मुलांकडे आणि दुसरी न्यासाच्या कार्यालयात. आमच्याकडे मात्र नको.