मात्रा किती, हे कोण ठरवणार?



पाळी गेल्यावर अंगातले इस्ट्रोजेन कमी होते आणि पहिली काही वर्षे हाडे वेगाने झिजतात. त्यावर हार्मोनच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनांचा कर्करोग व पक्षाघात वाढलेला दिसला आणि तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. साहजिकच सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होनकडे आशेने पाहिले गेले. हे द्रव्य इस्ट्रोजेनसारखे, पण सौम्य काम करते.

पण ते द्यायचे किती? १९९८ साली इलिनॉयमध्ये ६६ स्त्रियांवर सहा महिने अभ्यास झाला. रोज ९० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या कण्याची घनता थोडी वाढली, ५६ मिलिग्रॅमवाल्यांची नाही. मग मात्रा चढत गेली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या अभ्यासात ८० आणि १२० मिलिग्रॅम देऊनही कण्याला फायदा झाला नाही. २०११ साली मायामीच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. रोज २०० मिलिग्रॅम, दोन वर्षे, २४८ स्त्रिया. हाडांची झीज थांबली नाही. उलट गोळी घेणाऱ्यांत अंगातून गरम वाफा येण्याची तक्रार अधिक होती.

जपानी स्त्रियांना टोफू, मिसो अशा रोजच्या जेवणातून साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम मिळते, तेही लहानपणापासून. पन्नाशीत एकदम दिलेली चौपट गोळी म्हणजे ते जेवण नव्हे.

म्हणून मात्रा ठरवताना काही गोष्टी पाहायलाच हव्यात. ती आहारातून मिळण्याजोगी आहे का? सोयाची प्रथिने अल्कोहोलने धुतली तर आयसोफ्लेव्होन बरेचसे निघून जाते. मग दिलेल्या पदार्थात ते प्रत्यक्ष मोजले का? आतड्यातले जंतू त्यापासून इक्वोल बनवतात, पण सगळ्यांच्याच नाही. हे तपासले का? हाड झिजून पुन्हा भरायलाच काही महिने जातात, मग सहा महिन्यांचा अभ्यास कसा पुरेल?

आपल्याकडेही या गोळ्या दुकानात मिळतात. सोयाबीनच्या तेलात मात्र आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतेच. गोळी लिहून देणाऱ्याला विचारा: ही मात्रा कोणत्या वयाच्या बायकांवर, किती वर्षे तपासली? आणि कोणी संशोधनासाठी सही मागितली, तर आधीच्या अभ्यासांत काय निघाले, हे आपल्या भाषेत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. शरीर आपले आहे. विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.