स्मृति हरपली तरी हांक पोहोंचावी



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं, आजाऱ्यांच्या भेटीस जातांना आम्हीं पाहिलेली एक गोष्ट आपणांपुढें मांडावी, असें योजिलें आहे.

अंधेरीच्या एका गांवठाणांतील मातोश्रींस स्मृतिभ्रंशाचा विकार जडला. पतीच्या निधनास दोन वर्षें लोटलीं होतीं. तरी रोज सांजवेळीं त्या त्यांच्या क्रमांकावर फोन करीत. बंद पडलेला क्रमांक 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊं शकतो. त्यामुळें पलीकडून कोणी परका गृहस्थ बोले. मुलांनीं लाजेस्तव फोन काढून घेतला. तेव्हां त्या रात्र रात्र कपाटें धुंडाळूं लागल्या. अखेर मुलांनीं तोच जुना फोन परत दिला. पतीचें नांव व चित्र तसेंच राखलें, मात्र त्याखालीं थोरल्या मुलाचा क्रमांक घातला. आतां तो स्वतःचें नांव सांगून बोलतो, आणि त्या शांत होतात.

या विकारांत नवें शिकलेलें आधीं विसरतें, जुनी संवय पुष्कळ काळ टिकते. म्हणून नवा फोन आणण्यापेक्षां हातचा फोनच सुरक्षित करावा.

धोका मात्र खरा आहे. डिसेंबर 2024 ते मार्च 2025 या अवधींत मुंबईंतील 86 वर्षांच्या एका वृद्धेस भामट्यांनीं "डिजिटल अरेस्ट"ची भीति घालून 20 कोटींहून अधिक रुपयांस लुबाडलें. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यांत मुळींच नाहीं. जाणत्यांची ही गति, तर ज्यांस कालचें आज आठवत नाहीं त्यांची काय कथा?

यास्तव कांहीं उपाय सुचवितों. पैसे देण्याचें ॲप त्या फोनांत ठेवूं नये. बँकेचे ओ.टी.पी. विश्वासू अपत्याच्या क्रमांकावर जावे, अशी व्यवस्था वडीलधाऱ्यांच्या संमतीनें, त्यांस समज आहे तोंवरच बँकेंत जाऊन करावी. अनोळखी क्रमांकांची घंटा बंद करावी. परंतु इस्पितळाचा निरोप चुकूं नये म्हणून घरच्यांनीं रोज आलेले फोन पाहावे. फोनच्या पाठीवर मुलाचा क्रमांक चिकटवावा. फोन कोठें आहे हें मुलांस दिसेल अशी सोय करावी. तरी ती फोनचा ठावठिकाणा सांगते, माणसाचा नव्हे. म्हणून खिशांतही क्रमांकाची चिठ्ठी असावी. रात्रीं फोन चार्जिंगला लावण्याची जागा एकच राखावी.

पैसे गेलेच, तर विलंब न करितां 1930 वर व बँकेस कळवावें. फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार देऊन "संचार साथी"वर तो बंद करवावा. आणि ज्यांची फसगत झाली त्यांस रागें भरूं नये. धाकानें माणूस पुढील वेळीं लपवितो, आणि भामट्यांस तेंच हवें असतें.

बंधुभगिनींनो, या सर्व युक्त्या एक तासाच्या आहेत. रोज सांजवेळीं फोन उचलणें हें वर्षांनुवर्षांचें काम आहे. तीच गोष्ट दहाव्यांदां विचारली, तरी दहाव्यांदां उत्तर द्यावें. आपणांस बोलावयास त्यांनींच शिकविलें. तेव्हां आपण एकच शब्द किती वेळां विचारला, याचा हिशेब त्यांनीं ठेविला नव्हता.