उभी गाडी आणि एकटे मूल



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर वेदान्त आणि वाङ्मय यांवर बोलणारी विद्वान मंडळी येतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि कारखान्याच्या फाटकावर. म्हणून विषयही साधाच घेतला आहे: उभ्या करून ठेवलेल्या वाहनात, किंवा वाहनापाशी, एकटे राहिलेले मूल. विषय लहान दिसतो, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम दोन घटना सांगतो. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन मुले खेळायला म्हणून घराबाहेर पडली ती परतलीच नाहीत. शोधाशोध झाली, आणि दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका मोटारीत मृत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिल येथे दोन लहान भावंडांचा पडून असलेल्या एका गाडीत असाच अंत झाला. या मुलांना गाडीत कोणी ठेवले नव्हते. ती खेळता खेळता आत शिरली, दार लागले, आणि ते आतून उघडता आले नाही.

बंद गाडीत असे होते तरी काय? ऊन काचेतून आत येते, बैठक तापते, पत्रा तापतो. पण तापलेली हवा बाहेर पडत नाही. बाहेर २२ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात पारा ४७ अंशांवर गेल्याचे प्रयोगाने दिसून आले आहे. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मग आपल्या वैशाखात काय होत असेल याचा हिशेब प्रत्येकाने करावा. त्यातून मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तिपटीने ते पाचपटीने लवकर तापते. कुत्र्याची गत वेगळी नाही. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग निववते, आणि आतली हवाच तापली की त्या धापा व्यर्थ जातात.

कोणी म्हणेल, हे शहरचे दुखणे. आम्हां जुन्नर-आंबेगावकरांना त्याचे काय? तर लेण्याद्रीच्या पायथ्याशी सुटीच्या दिवशी उभे राहून पाहावे. वर जायला सुमारे ३०० पायऱ्या आहेत. “पोरगं झोपलंय, असू दे गाडीत, आत्ता येतो दर्शन घेऊन,” असे म्हणणारी माणसे वाईट नसतात. त्यांना ‘आत्ता’ किती लांबतो हे कळत नाही, इतकेच. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पिकअपांच्या रांगा लागतात. नवरा-बायको दोघेही क्रेटपाशी गुंतलेली, आणि मूल उतरून चाकाखाली जाऊ नये म्हणून केबिनमध्ये काचा लावून निजवलेले. एका धोक्यातून वाचवण्यासाठी मूल दुसऱ्या धोक्यात घातले जाते.

यावर उपाय आहेत, आणि ते सोपे आहेत. मूल एक मिनिटही गाडीत एकटे ठेवू नये. रिकाम्या गाडीलाही कुलूप लावावे, किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये. अंगणात गंजत पडलेली गाडी एक तर मोडीत काढावी, नाही तर तिची दारे पक्की बंद करावीत. मूल दिसेनासे झाले तर विहिरीबरोबर आसपासच्या गाड्याही ताबडतोब पाहाव्यात. आत मूल निपचित दिसले तर मालकाची वाट पाहू नये. मुलापासून लांबची काच फोडावी, त्याला सावलीत घ्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. काच पुन्हा बसवता येते.

पण एवढे सांगून आम्ही खाली बसलो तर आमच्या पेशाला बट्टा लागेल. कारण ‘मुलाला एकटे ठेवू नका’ हा उपदेश ज्या आईला ऐकवायचा, तिच्यापुढे दुसरी वाट आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांच्या पाण्याने आपला ऊस वाढला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी कारखाने त्या उसावर उभे आहेत. गळीत हंगामात तोडणीच्या टोळ्या येतात. पहाटे फडात उतरणारी बाई तान्हे मूल ठेवणार कुठे? ट्रॉलीखाली सावली असते. पण ट्रॅक्टर कधी मागे सरकेल याचा नेम नसतो. बांधावर निजवावे, तर उसात बिबट्या आहे. जुन्नर वनविभागात, शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये वीस-एक दिवसांत तीन बळी गेले. त्यांतली दोन मुले होती. कोपीत ठेवावे, तर सांभाळायला पाच-सहा वर्षांची बहीण, म्हणजे तीही मूलच!

कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली हा आकडा तीसवर आला. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने तर म्हटले की, कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली तरी एका बाईला ती सांभाळण्याचे काम द्यावे आणि तिला मजुरीही द्यावी. आमच्या मते ही सर्वांत शहाणपणाची तरतूद होय, कारण तिने बायका मोजल्या नाहीत, मुले मोजली.

उसाच्या फडात मात्र बाईच मोजली जात नाही. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत. जिथे आईच अर्धा कोयता, तिथे तिचे मूल कोणत्या रकान्यात बसणार?

बिऱ्हाड हिंडते आहे, पाळणाघर कसे हिंडेल, असे विचारणाऱ्यांना आम्ही कोसबाडची आठवण देतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. शाळा कुरणात जाऊ शकते, तर पाळणा फडात का जाऊ नये?

आमची मागणी एका वाक्याची आहे. दर टोळीमागे एका बाईला मुले सांभाळण्यासाठी पूर्ण मजुरी द्यावी, आणि ती रक्कम तोडणीदराच्या करारातच लिहावी. कारखान्याने तळावर जाळीची बंदिस्त जागा, सावली आणि पाणी द्यावे. बाजार समितीने बाजाराच्या आवारात अशीच एक खोली काढावी. ही दया नव्हे. हा मजुरीचाच भाग आहे. तराजूवर उसाचा काटा किलोपर्यंत मोजला जातो. त्या उसापायी एकटे राहिलेले मूल आजवर कोणत्याच काट्यावर चढलेले नाही. पुढच्या करारात ते चढले पाहिजे, आणि त्यासाठी ऊस उत्पादक, तोडणी कामगार आणि आपण नागरिक यांनी मिळून आवाज उठवावा, एवढीच विनंती.