गोंडवनांतील भूत आणि इझुमोचा कोल्हा



गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यांत, छत्तीसगडच्या सीमेजवळ, चिचगड नांवाचें गांव आहे. हा मुलूख पूर्वीं जमीनदारीचा होता. सभोंवार रान, आणि वस्तींत गोंड व हलबा लोकांचा मोठा भरणा. अशा ठिकाणच्या भुतांविषयीं बोलावयाचें म्हणजे पुष्कळांस तो केवळ करमणुकीचा विषय वाटेल, आणि तो करमणुकीचा आहेही. परंतु मेलेल्यांपैकीं भूत कोणाचें होतें व कोणाचें होत नाहीं, हा प्रश्न एकदां विचारला कीं करमणूक थोडी मागें पडते.

गोंडांचा थोर देव म्हणजे पर्सा पेन, ज्याला आपण बडा देव म्हणतों. घरचीं मेलेलीं माणसें देवांच्या पंगतीस जाऊन बसलीं पाहिजेत, अशी त्यांची श्रद्धा. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत गोंडांचा एक विधि नोंदलेला आहे. मृताचे आप्त नदीवर जातात आणि त्याच्या नांवानें मोठ्यानें हांका मारतात. मग पाण्यांत उतरून एखादी मासोळी किंवा किडा पकडतात व घरीं आणून कुळांतल्या पूर्वजांच्या जागीं ठेवतात. गेलेला जीव अशा रीतीनें घरीं परत आला, असें ते मानतात. मला हा विधि फार सुंदर वाटतो. शोक करणाऱ्यास येथें कांहीं काम करावयास मिळतें. त्याचे हात रिकामे राहत नाहींत.

आतां ज्याला असें घरीं आणतां येत नाहीं, त्याचें काय? त्याचेंच भूत होतें. वाघानें मारलेला माणूस हें त्याचें ठळक उदाहरण. त्याचा जीव वाघाच्या डोक्यावर बसून त्याला नवीं सावजें दाखवितो, अशी समजूत मध्यप्रांतांत पसरलेली होती. अशा वेळीं बैगा, म्हणजे भूमिदेवतांचा पुजारी, त्या जागीं जाई. रक्तानें भिजलेल्या मातीचा तो लहानसा शंकु करी. तो शंकु म्हणजे मेलेला माणूस. मग स्वतः चौपायी होऊन तो वाघाचें सोंग घेई आणि तो गोळा दांतांत धरी. सोबत्यांपैकीं एकजण धांवत येऊन त्याच्या पाठीवर थाप मारी. तत्क्षणीं तो गोळा सोडून देई. पुढें ती माती वारुळांत ठेवून तिच्यावर डुकराचा बळी देत. शहरांतल्या माणसास हें नाटक वाटेल. पण गोंदिया-भंडाऱ्याकडे वाघ ही कविकल्पना नव्हे. नवेगांव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प तेथें २०१३ सालीं जाहीर झाला.

हीच विचारसरणी हजारों कोस दूर जपानांत भेटते, म्हणून तिचा उल्लेख करतों. तेथें उन्हाळ्यांत बोन नांवाचा सण येतो. पितरांना वाट दिसावी म्हणून दिवे लावतात, त्यांना जेवूं घालतात आणि पुन्हां दिव्यांच्या उजेडांत निरोप देतात. आपल्या पितृपंधरवड्याची आठवण होते. पण ज्यांच्यामागें कोणी उरलें नाहीं, अशा मृतांना ते ‘मुएन-बोतोके’ म्हणतात व त्यांच्यासाठींही वेगळा नैवेद्य मांडतात. ते उपाशी राहिले तर त्रास देतील, ही भीति. नदींतला ‘काप्पा’ तर आपल्या कोंकणच्या गिऱ्हाचा भाऊच शोभेल. गिऱ्हा माणसाला खोल पाण्यांत नेतो. काप्पाही तेंच करतो. मात्र त्याच्या डोक्यावरील खळग्यांत पाणी असतें. त्याला लवून नमस्कार केला कीं तो उलट नमस्कार करतो, पाणी सांडतें व त्याची शक्ति जाते! शिष्टाचारानें नामोहरम होणारें भूत जपानांतच निपजावें.

येथपर्यंत सर्व गोड आहे, कारण भूत मेलेल्याचें आहे किंवा पाण्यांतलें आहे. तें जिवंत माणसाच्या माथीं मारलें कीं गोष्ट पालटते. लाफ्काडिओ हर्न हा लेखक १८९० सालीं जपानच्या इझुमो प्रांतांत, मात्सुए येथें, शिक्षक होता. १८९४ च्या त्याच्या पुस्तकांत तेथील कोल्ह्यांचें प्रकरण आहे. कांहीं घराण्यांनीं अदृश्य कोल्हे पाळले आहेत व ते शेजाऱ्यांना झपाटतात, असा तेथें समज होता. परिणाम काय? त्या घरची मुलगी कोणी करीना, त्यांच्या जमिनीस वाजवी किंमत येईना. कोल्हा कोणीं पाहिलेला नव्हता. वाळीत पडलेलें घर मात्र सर्वांना दिसत होतें.

आपल्याकडे कोल्ह्याची जागा चेटकिणीनें घेतली आहे. छत्तीसगडांत तिला ‘टोनही’ म्हणतात. गांवांत ताप आला, गुरें मेलीं, कीं संशय बहुधा एखाद्या एकट्या बाईवर, बऱ्याचदां विधवेवर जातो, आणि तिला मारहाण होते. कित्येकींचे प्राणही गेले आहेत. तिच्यावर रुसलेला पितर नसतो. तिच्या शेताच्या बांधावर डोळा ठेवून बसलेला एखादा जिवंत भाऊबंद मात्र अनेकदां असतो.

म्हणूनच छत्तीसगडनें २००५ सालीं टोनही-प्रतिबंधक कायदा केला. महाराष्ट्रांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं अशा कायद्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला. त्याच महिन्यांत अध्यादेश निघाला व डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. त्याविषयीं एक गैरसमज आहे कीं, तो सर्वच जुन्या श्रद्धांवर उठला आहे. तसें नाहीं. नदीवर जाऊन मृताला हांक मारणाऱ्यास तो कांहीं विचारीत नाहीं. परंतु अमुक व्यक्ति करणी करते असें भासवून तिचें जगणें मुष्किल करणें हा त्यानें गुन्हा ठरविला आहे, आणि त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पांच ते पन्नास हजार रुपये दंड सांगितला आहे. गुन्ह्याचा तपास व प्रतिबंध यांसाठीं दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही त्यांत आहे. चिचगडसारख्या गांवीं ज्या बाईकडे लोक बोट दाखवूं लागले असतील, तिला हें कोणीतरी तिच्या बोलींत सांगावयास हवें.