राखेखालील विस्तव



पुष्कळ ख्रिस्ती घरांत एक दुःख असतें, पण त्याचा उच्चार क्वचितच होतो. रविवारची उपासना चुकत नाहीं, जेवणापूर्वींची प्रार्थना तोंडपाठ असते, मुलांना पवित्र शास्त्रांतील गोष्टी सांगितल्या जातात. बाहेरून पाहणाऱ्यास कोठेंच उणें दिसत नाहीं. आंत मात्र ज्याचें त्यास ठाऊक असतें कीं, एके काळीं जें नांव उच्चारतांच अंतःकरण भरून येई, तें आतां नुसतें ओठांवरून जातें. हें कोणाजवळ बोलावें? पाळकांजवळ बोलण्यास संकोच वाटतो. घरांतल्यांजवळ बोलावें तर त्यांच्या श्रद्धेस धक्का बसेल अशी भीति. मग मनुष्य उत्साहाचें सोंग आणतो, किंवा आपली श्रद्धा मुळांतच खोटी होती असें ठरवून हळूहळू बाजूस होतो. या दोहोंवांचून तिसरा मार्ग आहे, आणि तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

हा अनुभव केवळ आळशी माणसांच्या वांट्यास येतो असें नाहीं. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकांत, प्रकटीकरणांत, इफिस येथील मंडळीस एक पत्र आहे. त्यांत त्या मंडळीच्या श्रमांची, तिच्या सहनशीलतेची आणि खोट्या उपदेशकांस पारखण्याच्या तिच्या दक्षतेची आधीं स्तुति केली आहे. मुख्य दोष एकच दाखविला आहे: तिनें आपली पहिली प्रीति सोडली. काम चालू होतें, मतें शुद्ध होतीं. ज्याच्यासाठीं काम करावयाचें त्याच्याविषयींची ओढ तेवढी मागें राहिली होती.

आपल्याच प्रांतांतील एक उदाहरण घेऊं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचें त्यांचें कार्य थक्क करणारें आहे. अमेरिकेंत ठिकठिकाणीं व्याख्यानें देऊन त्यांनीं येथील विधवांच्या स्थितीकडे लोकांचें लक्ष वेधलें, त्या विषयावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला, आणि १८८९ च्या मार्चमध्यें मुंबईस शारदा सदन उघडलें. असें असूनहि, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांना कळून आलें कीं आपणांस धर्म मिळाला, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त आपणांस मिळालेला नाहीं. ही गोष्ट पुढें त्यांनीं स्वतःच आपल्या साक्षींत लिहून ठेवली. एवढ्या विदुषीस, एवढ्या कर्तबगार बाईस हें कबूल करतांना कमीपणा वाटला नाहीं, आणि या कबुलीपासूनच त्यांच्या आयुष्याचें नवें पर्व सुरू झालें.

हें ऐकून कोणी म्हणेल, ‘असा एक क्षण आला कीं सर्व अडचण सुटली.’ या समजुतीस इंग्लंडांतील जॉन वेस्ली यांचें चरित्र आळा घालतें. वेस्ली हे ऑक्सफर्डचे विद्वान आणि दीक्षा घेतलेले धर्मोपदेशक. परंतु अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींतून १७३८ सालीं ते निराश होऊन परतले. ज्या श्रद्धेचा अनुभव आपणांस नाहीं तिचा उपदेश करणें बंद करावें, असें त्यांच्या मनांत आलें. पीटर बोलर या मोरेव्हियन पंथाच्या मित्रानें त्यांस तसें करूं दिलें नाहीं; श्रद्धा मिळेपर्यंत तिचाच उपदेश करीत राहा, अशी त्याची सल्ला होती. त्याच वर्षीं २४ मे रोजीं सायंकाळीं लंडनमधील एका लहानशा सभेंत वेस्लींच्या अंतःकरणांत ऊब आली. ही हकीगत प्रसिद्धच आहे. परंतु पुढच्या जानेवारींत त्यांनीं रोजनिशींत आपण अजून ख्रिस्ती नाहीं असें स्पष्ट लिहिलें, हें थोड्यांना ठाऊक असतें. ती ऊब आठ महिनेहि सारखी टिकली नाहीं! तरी ते थांबले नाहींत. १७३९ च्या एप्रिलांत ब्रिस्टलजवळ उघड्या मैदानांत सुमारें ३,००० लोकांपुढें ते बोलले, आणि तेथून त्यांचें खरें कार्य वाढीस लागलें.

केडगांवच्या मुक्तिसदनांत १९०५ च्या जूनअखेरीस मुलींमध्यें पश्चात्तापाची व प्रार्थनेची जी लाट उसळली, तिची वार्ता परदेशांपर्यंत गेली. त्या वार्तेंत एक गोष्ट बहुधा मागें पडते. त्या वर्षाच्या जानेवारीपासूनच रमाबाईंनीं बायकामुलींस नित्य प्रार्थनेसाठीं एकत्र बोलाविलें होतें. आरंभीं सुमारें ७० जणी जमत. पुढें ती संख्या ५५० च्या घरांत गेली. ज्या दिवशीं कांहींच घडलें नाहीं असे कितीतरी दिवस त्या पांच-सहा महिन्यांत गेले असतील! आणि लाट ओसरल्यावर रमाबाई तिच्या आठवणीवर जगत बसल्या नाहींत. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून समग्र पवित्र शास्त्र साध्या मराठींत आणण्यांत त्यांनीं शेवटचीं अनेक वर्षें घालविलीं. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. तरी तें काम त्यांनीं टाकलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला.

यावरून आपण काय घ्यावें? इफिसच्या पत्रांत तीन आज्ञा आहेत: आठवण कर, पश्चात्ताप कर, आणि पहिलीं कृत्यें पुन्हा कर. ‘पहिल्यासारखें वाटूं दे’ अशी आज्ञा त्यांत नाहीं, कारण वाटणें हें मनुष्याच्या हातचें नसतें. करणें मात्र असतें. आपली प्रीति कोठें थंडावली तें शांतपणें आठवावें. मध्यें एखादें भांडण, एखादा अप्रामाणिक व्यवहार, किंवा नुसती कामाची धांदल आली असेल, तर तिला नांव द्यावें आणि ज्याची क्षमा मागावयाची त्याची मागावी. मग लहानशीं कृत्यें हातीं घ्यावीं. मार्काच्या शुभवर्तमानाचे अध्याय अवघे १६. रोज एक वाचावा. एखाद्या आजाऱ्यास भेटून यावें. विश्वासाच्या एका तरी माणसाजवळ खरें बोलावें आणि त्याच्यासह प्रार्थना करावी.

आणखी एक गोष्ट. कधीं कधीं हा कोरडेपणा पापानें नव्हे, तर थकव्यानें किंवा शोकानें येतो. एलीया संदेष्टा झुडुपाखालीं पडून मरण मागूं लागला, तेव्हां देवानें त्यास प्रथम उपदेश केला नाहीं. झोंप दिली, भाकर व पाणी दिलें, आणि पुन्हा झोंपूं दिलें. अशा माणसास घरच्यांनींहि बोल लावूं नये.

पौलानें तरुण तीमथ्यास देवाचें दान चेतविण्यास सांगितलें, तेव्हां जो ग्रीक शब्द योजला त्याचा अर्थ निखारे पुन्हा फुलविणें असा आहे. त्याच्या आजीचा व आईचा विश्वास त्याच्या ठायीं आहे, याची पौलास खात्री होती. आपल्या आज्याहि रात्रीं चुलींतील निखारा राखेनें झांकून ठेवीत, आणि पहाटे राख दूर सारून त्यावर फुंकर घालीत. ज्यास आपलें अंतःकरण थंड झालें याचें दुःख होतें, त्याच्या राखेखालीं अजून विस्तव आहे. त्यानें उद्यांच्या पहाटे आपल्या प्रभूपुढें जाऊन बसावें, आणि परवांहि बसावें.