रहस्यकथांची नोंदवही



न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिची परंपरा पुढे गावोगाव पसरली. या परंपरेत आजवर वेदान्त झाला, अर्थशास्त्र झाले, इतिहास तर पुष्कळच झाला. आज मात्र माझ्यासारखा मनुष्य रहस्यकथांवर बोलावयास उभा आहे. तोही त्यांच्या गुणदोषांवर नव्हे, तर त्यांची यादी कशी करावी यावर! चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी तो भीत भीतच सांगितला. ते म्हणाले, “अहो, आमच्या माळ्यावरसुद्धा दोन पेट्या आहेत.” तेव्हा मला धीर आला. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, असे समजूनच मी बोलणार आहे.

मी ग्रंथपाल नव्हे. सारे आयुष्य हिशेबखात्यात गेले, एवढीच माझी पात्रता. मुलुंडला माझे एक स्नेही होते. ते गिरणीत साचेखात्यात कामाला होते. रोज लोकलने जाताना वाचीत आणि येताना वाचीत, आणि वाचीत ते फक्त रहस्यकथा. ते गेले, आणि काही वर्षांनी त्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली. घर रिकामे करावयास दोन महिन्यांची मुदत मिळाली. माळा, पलंगाखालची जागा, मोरीवरची फळी, जिकडे पाहावे तिकडे पुस्तके. हजाराच्या वर तर सहजच होती. रद्दीवाला येऊन वजनाचा भाव सांगून गेला. मुलगा म्हणाला, “काका, त्यात कामाचे काही आहे का, तेवढे पाहा.” मी म्हणालो, “पाहतो, पण आधी यादी करतो. यादीवाचून कामाचे कोणते आणि बिनकामाचे कोणते, हे मी कशावरून सांगू?”

येथे आपण म्हणाल, रहस्यकथेची कसली यादी? खुनी कोण ते कळले की पुस्तक संपले. खरे आहे, आणि नेमके तेच या पुस्तकांचे दुर्दैव आहे. जे पुस्तक घरोघर फिरते, ज्याची पाने सुटतात, ज्याच्यासाठी वाचनालयात नंबर लावावा लागतो, ते कोणी जपून ठेवीत नाही. न वाचलेला जाडजूड ग्रंथ कपाटात शंभर वर्षे सुखाने राहतो.

बाबूराव अर्नाळकरांचेच उदाहरण घ्या. १९०६ ते १९९६ असे दीर्घ आयुष्य त्यांना लाभले आणि एक हजारांहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर जमा झाल्या. दोन-तीन पिढ्यांना त्यांनी वाचनाची गोडी लावली. आता या सभागृहात मी विचारतो, त्या हजारांपैकी किती नावे आपणांस आठवतात? दहा? वीस? झुंजार आणि काळापहाड सर्वांना आठवतील, पुस्तके आठवणार नाहीत. आमच्याआधीच्या पिढीला गो. ना. दातारांनी वेड लावले होते, आमच्यानंतरच्या पिढीला गुरुनाथ नाईकांनी आणि सुहास शिरवळकरांनी. नाईक २०२१ साली वारले. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्याही हजारावर सांगतात. एवढा प्रचंड पसारा ज्या भाषेत झाला, तिच्यात त्याची नोंद कोणी ठेवावयाची?

या कामात माझ्यापुढे एक आदर्श होता. कै. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील छापील मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली. ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. पुढचा, १९३८ ते १९५० चा खंड १९६१ साली आला. दात्यांनी पुस्तकाची प्रतवारी लावली नाही. थोर ग्रंथ आणि किरकोळ चोपडे, दोघांनाही त्यांनी एकेक नोंद दिली. सूचीकाराचा धर्म हाच. न्याय करावयाचा तो पुढच्यांनी, आपण साक्ष तेवढी नोंदवावयाची. परंतु दात्यांचे हे खंड १९५० पाशी थांबतात, आणि रहस्यकथांना खरा पूर आला तो त्यानंतर. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठविणे प्रकाशकावर बंधनकारक झाले. पण एका खोलीत धंदा करणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाने दर महिन्याच्या प्रत्येक पुस्तकाची प्रत इमानाने पाठविली असेल, असे मानण्याइतका मी भोळा नाही.

आता प्रत्यक्ष काम. एका पुस्तकास एक कार्ड, हा पहिला नियम. मुलाच्या मुलीने पुढे ते सारे संगणकावर चढविले, मुखपृष्ठांची छायाचित्रेही जोडली. तथापि पहिली नोंद मी हातानेच केली. पुस्तकाचे नाव मुखपृष्ठावरून घ्यावयाचे नाही, आतल्या शीर्षकपानावरून घ्यावयाचे, हा दुसरा नियम. मुखपृष्ठ हे गिऱ्हाइकासाठी असते. तेथे नाव आटोपशीर होते, कधी पार बदलतेही.

मग लेखकाचे नाव. अर्नाळकर हे टोपणनाव. विरारजवळ समुद्रकाठी अर्नाळा गाव आहे, त्यावरून आलेले. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मग नोंद ‘च’मध्ये करावी की ‘अ’मध्ये? वाचक ज्या नावाने शोधील, त्या नावाखाली मुख्य नोंद करावी आणि दुसऱ्या नावाखाली ‘अर्नाळकर पाहा’ एवढे लिहून ठेवावे. पण खरी गंमत पुढेच आहे. वाचक लेखकाच्या नावानेही शोधीत नाही. तो म्हणतो, “दारा बुलंदचे काही आहे का?” “एखादा गोलंदाज द्या.” म्हणून मी नायकांची तिसरी सूची केली. मोठ्या ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा आकडा मिळतो. त्या एका आकड्यात हरिभाऊ आपटेही बसतात आणि काळापहाडही. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण घरच्या संग्रहाला तेवढ्याने भागत नाही.

सर्वांत कठीण प्रश्न सालाचा. कित्येक पुस्तकांवर साल छापलेलेच नव्हते. येथे मात्र मी स्वतःच गुप्तहेर झालो. किंमत आण्यांत असेल, तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचे, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असतील, तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचे. प्रकाशकाचा पत्ता नुसता ‘मुंबई ४’ असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे असण्याचा संभव अधिक, कारण त्या दिवशी पिन कोड सुरू झाला आणि त्याच गिरगावाचे ‘४०० ००४’ झाले. ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार दिसले, तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे. आणि एखाद्या वाचनालयाच्या शिक्क्यात ‘मुलुंड, जि. ठाणे’ असे असेल, तर तो शिक्का १९५७ च्या आधी केलेला, कारण मुलुंड आणि बोरिवली त्या साली बृहन्मुंबईत आली.

हे सारे जमू लागले तसा मला थोडा गर्व झाला. अनुस्वार पाहावे आणि साल ठोकून द्यावे, असे चालले होते. एके दिवशी दोन प्रती शेजारी आल्या. मजकूर तोच, अनुस्वारही तेच, पण एकीवर किंमत आण्यांत आणि दुसरीवर रुपयांत, खाली सहा आकडी पिन कोड. म्हणजे जुनाच मजकूर पुढे जसाच्या तसा छापला होता! अनुस्वारांवरून मी लावलेली सारी साले संशयात आली. चाळीसेक कार्डे पुन्हा काढावी लागली. तेव्हापासून मी ग्रंथपालांचा नियम मुकाट्याने पाळू लागलो. पुस्तकावर छापलेले असेल तेवढे उघडे लिहावे, आपण तर्काने काढलेले चौकटी कंसात लिहावे आणि पुढे प्रश्नचिन्ह द्यावे. पुरावा आणि अनुमान यांची गल्लत करू नये, हे आमचे सगळे गुप्तहेर पानोपानी सांगतात, आणि मी मात्र ते हजार पुस्तके हाताळूनही विसरलो होतो.

आता मी आपणांस जे सांगणार आहे, ते सूचीशास्त्रात नाही. आमच्या स्नेह्यांना एक सवय होती. पुस्तक वाचून झाले की शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीने ते तारीख लिहीत. मी ती तारीखही कार्डावर घेत गेलो, निव्वळ हिशेबी मनुष्याची खोड म्हणून. सारी कार्डे झाल्यावर ती तारखांप्रमाणे लावून पाहिली. दर महिन्याला पाच-सहा पुस्तके, कधी आठ. वर्षानुवर्षे हा क्रम. १९८२ च्या जानेवारीत दोन पुस्तके, आणि पुढे एकदम काहीच नाही. दोन वर्षांहून अधिक काळ एकही कार्ड नाही.

मला वाटले, एखादी पेटी राहिली. मी वहिनींना विचारले. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाऊजी, पेटी नाही राहिली. संप होता तो. मीच म्हटलं होतं, घरात आता पुस्तक आणायचं नाही. त्यांनी नाही आणलं. लोकलचा पासही नव्हता, मग वाचणार तरी कुठं?”

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्याच्यावर पुस्तके आहेत, अहवाल आहेत, परंतु माझ्यापुढे तो दोन कार्डांमधली मोकळी जागा होऊन उभा राहिला. त्यानंतरच्या पुस्तकांत नवे एकही नाही. सारी फुटपाथवरची, कोणाचे नाव खोडलेली, कोपरे फाटलेली. दोनांवर घाटकोपरच्या एका वाचनालयाचा शिक्का आहे. ती परत गेली नाहीत हे उघड आहे. वाचनालय आता नाही. मुलगा म्हणाला, “काका, तो शिक्का लिहू नका.” मी लिहिला. यादी खोटी झाली तर ती मोकळी जागाही खोटी ठरेल, असे मी त्याला सांगितले. ते त्याला पटले की नाही, कोणास ठाऊक; पण तो काही बोलला नाही.

पुस्तकांचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. जोडप्रती ओळखीच्या वाचकांना दिल्या. वाळवी लागलेली थोडी टाकावी लागली, पण त्यांची कार्डे आहेत. बाकीची मुलाच्या भाड्याच्या घरात पेट्यांत आहेत, आणि एखादे ग्रंथालय ती घेईल का, अशी विचारणा चालू आहे. आता विचारता तरी येते, कारण दाखवावयास यादी आहे. नुसती “जुनी पुस्तके आहेत” असे म्हटले की ग्रंथपाल हात जोडतात, आणि जागेची त्यांची अडचण पाहता त्यांना दोषही देता येत नाही. यादीच्या तीन प्रती केल्या. एक मुलाकडे, एक माझ्याकडे, तिसरी वहिनींनी मागून घेतली. वाचनाचा नाद त्यांना कधीच नव्हता. त्या पुस्तकांपायी त्यांना आयुष्यभर एक धड कपाट मिळाले नाही.

श्रोतेहो, आपल्या उपनगरांत आज गल्लोगल्ली इमारती पडत आहेत आणि माळे रिकामे होत आहेत. अंधेरीला काय, बोरिवलीला काय, सगळीकडे तेच. सारे जपा असे मी म्हणणार नाही, जागा कोणापाशी आहे? माझे मागणे फार लहान आहे. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी दोन रविवार काढा. नाव, लेखक, प्रकाशक, साल, किंमत, आणि कोणी पेन्सिलीने काही लिहिले असेल तर तेही, एवढे उतरवून घ्या. पुस्तक गेले तरी ते होते, ही साक्ष राहील. आणि ते कोणी वाचले होते, हेही कदाचित राहील.