कटर किंचाळतो तेव्हा

मंगळवार पेठेपासून शिवाजी उद्यमनगर काही लांब नाही. आमच्यातल्या काहीजणी तिथल्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसीवर उभ्या असतात, काहीजणी शिरोली एमआयडीसीला जातात. आज बोलायचंय ते मशीनच्या किंचाळण्याबद्दल.

बिडाच्या हाउसिंगवर कटर फिरताना मध्येच कर्कश आवाज येतो आणि जॉबवर नको ती नक्षी उठते. त्यालाच आपण चॅटर म्हणतो. जॉब रिजेक्ट होतो, कधी कटरही तुटतो, आणि ‘बाईचा हात बसलेला नाही’ हे वाक्य ठरलेलं. आता प्रोग्रॅम दुसऱ्यानं केलेला, फेऱ्या दुसऱ्यानं ठरवलेल्या. त्यात हात कुठं आला हो? म्हणून यातलं गणित आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

कटरचा एक दात कापताना थरथरतो आणि मागं बारीक लाटा ठेवून जातो. पुढचा दात त्याच लाटांवरून कापत येतो. त्याची थरथर आधीच्या लाटांशी जुळली, तर चिप एकसारख्या जाडीची निघते. जुळली नाही, तर चिप जाड-पातळ होते, धक्के वाढतात, लाटा आणखी मोठ्या होतात. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनियरनंही १९०७ साली हा प्रश्न फार अवघड म्हणून नोंदवला होता. आज तो आधीच ओळखता येतो. मोठ्या कारखान्यांत सेन्सर लावलेल्या हातोडीनं कटरवर ठोका देतात आणि कोणत्या फेऱ्यांना किती खोल काप झेपेल, याचा आलेख काढतात.

आपल्याकडं ती हातोडी नसली तरी मोबाईल असतो. आवाजाची कंपनसंख्या दाखवणारं ॲप मिळतं. समजा, चार दातांचा कटर मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालला आहे. म्हणजे सेकंदाला २०० वेळा दात लागतो. ॲपवर २००, ४००, ६०० दिसलं तर तो कापण्याचा नेहमीचा आवाज. पण सगळ्यात मोठा आवाज ८४० वर असेल, तर तो चॅटर. ८४० भागिले २०० म्हणजे ४.२ लाटा. वरची ती अर्धवट लाटच घोटाळा करते. पूर्ण ४ लाटा बसवायच्या तर ८४० गुणिले ६०, भागिले १६: उत्तर ३१५०. फेऱ्या फक्त दीडशेनं वाढवायच्या! आवाज आला की फेऱ्या कमी करायच्या, एवढंच सगळे सांगतात. इथं उलट होतं. फीडही त्याच प्रमाणात वाढवा, ६०० असेल तर ६३०. कटरच्या वेगाची मर्यादा मात्र ओलांडू नका. नव्या फेऱ्यांवर आवाज थोडा सरकला, तर गणित पुन्हा एकदा करा.

त्याआधी एक बघा: कटर होल्डरबाहेर किती काढलाय? ४० ऐवजी ५० मिलिमीटर काढला, तर तो जवळजवळ दुप्पट लवतो.

मोबाईल मशीनबाहेरच धरा, दार बंद ठेवा. आणि कटर, बाहेर काढलेली लांबी, आवाजाचा आकडा, फेऱ्या हे सगळं वहीत लिहा. पुढच्या वेळी कुणी हाताबद्दल बोललं, तर ती वही पुढं करा.